वेरूळ एका दिवसात, बसभर माणसं घेऊन

कैलास लेण्यात पस्तीस मिनिटं आणि पैठणीच्या दुकानात सव्वा तास. एका टूर कंपनीच्या बसमधून आम्ही नवराबायको पहिल्यांदा वेरूळला गेलो, तेव्हाचा हा हिशेब. बायकोच्या वहीत तो अजून आहे, कारण दुकानातलं बिलही त्याच पानावर आहे. छापील कार्यक्रमात सहा ठिकाणं होती: बीबी का मकबरा, पाणचक्की, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर. सहाच्या सहा ‘झाली’. रात्री जेवताना मात्र आम्ही बघितलेला दगडी हत्ती नक्की कुठला, यावरून टेबलावर दोन पक्ष पडले आणि वाद सुटला नाही.

पुढे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहली नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि हाच रस्ता मी आणखी तीनदा केला. एकदा अडतीस माणसं, एकदा बेचाळीस, एकदा सव्वीस. त्या तीन खेपांमधून जे जमलं ते इथे लिहितो. तुम्ही स्वतः गट नेणार असाल तर सरळ उपयोगी पडेल. कंपनीच्या बसमध्ये बसणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न यातच सापडतील. त्यातला पहिला प्रश्न असा: “कैलासात किती वेळ थांबणार?” उत्तर दीड तासापेक्षा कमी आलं तर दुसरी कंपनी बघा.

सहा ठिकाणांपैकी मी तीन ठेवतो: लेणी, घृष्णेश्वर आणि दौलताबादचा पायथा. बाकीची तीन गाळतो.

आधी वार बघा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. हे वाक्य मी आता पाठ म्हणून दाखवतो, कारण पहिल्या सहलीची आखणी करताना मी सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ लिहून बसलो होतो. हॉटेलला आगाऊ रक्कम गेलेली, बस ठरलेली. मग एका सभासदाच्या मुलीचा फोन आला, “काका, तुम्ही दोन्हीकडे कुलूप बघायला निघालाय का?” दोन दिवस पुढे ढकलताना जे बोलणं खावं लागलं ते सोडा.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. सोमवारी लेणी उघडी असली तरी घृष्णेश्वराला रांग लागते, श्रावणात तर विचारूच नका. महाशिवरात्रीच्या आसपास वेरूळचा रस्ताच टाळावा. उरतात बुधवार ते शुक्रवार. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि एकोणतिसाव्या लेण्याजवळ धबधबा पडतो, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं. साठीपुढच्या माणसांना घेऊन मी ते धाडस करत नाही. एप्रिल-मे मध्ये काळा दगड असा तापतो की दुपारी बारानंतर कुणी बघण्याच्या मनःस्थितीतच नसतं.

आदल्या रात्रीची कामं

तिकिटं मोबाइलवरून आदल्या रात्रीच काढून ठेवा. भारतीयांना वेरूळचं तिकीट खिडकीवर ४० रुपये आहे, ऑनलाइन थोडं स्वस्त पडतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दर बदलतात, म्हणून काढताना आकडा पुन्हा बघून घ्या. परदेशी नागरिकाला ६०० रुपये पडतात. गटात अमेरिकेहून आलेली कुणाची सून किंवा नातू असेल आणि त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर भारतीयांचाच दर लागतो, पण कार्ड सोबत हवं. ते हॉटेलच्या बॅगेत राहिलं म्हणून आम्ही एकदा फाटकावर वीस मिनिटं घालवली. तिकिटांचे स्क्रीनशॉट काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा, एकाचा फोन ऐनवेळी मान टाकतोच.

प्रत्येकाला एक नंबर द्या, एक ते अडतीस. मोजणी करताना डोकी मोजायची नाहीत, प्रत्येकाने क्रमाने आपला नंबर ओरडायचा. डोकी मोजली की हमखास चुकतं, कारण कुणीतरी वाकून चप्पल घालत असतं. नंबर ओरडताना सतरा आला नाही की लगेच कळतं, सतरा म्हणजे त्या काकू आणि त्या माकडांचे फोटो काढत मागे राहिल्या असणार. पहिल्या दिवशी सगळ्यांना हे शाळकरी वाटतं. दुसऱ्या दिवशी लोक स्वतःच नंबर टाकायला लागतात.

प्रत्येकाच्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी, छोटी बॅटरी, नेहमीच्या गोळ्या आणि पातळ मोज्यांचा एक जोड असावा. मोजे का, ते कैलासात सांगतो. खाण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या हातात नकोत, माकडांना पिशवीचा आवाज ओळखता येतो.

आणि गाइड. पर्यटन खात्याचा बिल्ला असलेला गाइड आदल्या दिवशी फोनवर ठरवा, दर आणि तास आधीच बोलून घ्या. त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा: कुठल्याही दुकानात जायचं नाही. त्याचा त्यातला मोबदला बुडतो हे मला माहीत आहे, म्हणून मी ठरल्यापेक्षा थोडे जास्तच देतो. ते सव्वा तासापेक्षा स्वस्त पडतं.

पावणेसहाला बस

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीस किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत दौलताबाद, मग घाट चढून खुलताबाद, मग वेरूळ. दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटबंदीच्या दरवाजातून जातो, तिथे मोठी गाडी एका वेळी एकच निघते. सकाळी सहाला ही वाट मोकळी असते, रविवारी अकरा वाजता तुम्ही त्या दरवाजाचं बांधकाम नको तितकं निरखून बघता.

लेणी सूर्योदयाला उघडतात. पावणेसहाला निघालात तर पावणेसातला दारात असता. हॉटेलचा नाश्ता इतक्या लवकर मिळत नाही, म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी बसमध्येच वाटायची. बसमध्येच खायची, खाली उतरून नाही. माकडं तळावर हजेरीला असतातच.

फाटकात शिरण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यावं, “मला नाही लागली” म्हणणाऱ्यांनी आधी. आत डोंगराच्या कडेने दोन किलोमीटरभर लेणी पसरली आहेत आणि दहाव्या लेण्यातून परत येणं म्हणजे अर्धा तास.

मोठा गट असेल तर इथेच दोन तुकड्या करा. एका गाइडभोवती वीसपेक्षा जास्त माणसं असली की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतात.

कैलासाकडे पाठ करून सुरुवात

फाटकातून आत गेलं की समोरच सोळा नंबर, म्हणजे कैलास. सगळं जग तिकडे वळतं. तुम्ही उजवीकडे वळा.

वेरूळला चौतीस लेण्यांना क्रमांक आहेत. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. कैलासाकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला बौद्ध लेणी, डाव्या हाताला बरीच लांब जैन. बहुतेक गट कैलास आधी उरकतात आणि मग थकून दहा-बाराकडे जातात, तेव्हा “त्याच्यापुढे हे काहीच नाही” असं म्हणत परत फिरतात. उलट्या क्रमाने गेलं की कैलास कळतो. दहा, बारा, पंधरा आणि मग सोळा, असं चला.

दहावं लेणं हे वेरूळमधलं एकमेव चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन. ‘विश्वकर्मा’ म्हणतात, गावात ‘सुतार की झोपडी’. आत शिरलं की दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप, स्तूपापुढे बसलेला प्रचंड बुद्ध, आणि वर कमानदार छताला वासे. सगळं दगडात कोरलेलं. आमच्या गटात सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. ते छताकडे बघत उभे राहिले आणि जरा वेळाने गाइडला म्हणाले, “हे वासे काही काम करत नाहीत.” खरंच करत नाहीत. डोंगराच्या पोटात छताला आधार कशाला लागेल? लाकडी चैत्यांमध्ये वासे लागायचे, तेच दगडात कोरलं, कारण चैत्य म्हटलं की वासे हवेत अशी डोळ्यांना सवय होती. गुरुजींनी मग दोन वाश्यांमधलं अंतर नजरेने मोजलं आणि मान हलवली. गाइड गप्प उभा राहिला, हे त्याचं शहाणपण.

इथे घोळक्याला दोन मिनिटं बोलू देऊ नका. मग एकालाच हळू आवाजात ओंकार किंवा बुद्धवंदना म्हणू द्या. आवाज वाश्यांमधून फिरून येतो. सकाळी सात वाजता तुमच्याशिवाय कुणी नसतं म्हणून हे जमतं. एक तोटा मान्य करायला हवा: लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे या बुद्धावर उजेड दुपारनंतर पडतो. सकाळी तो अंधारात असतो, डोळे सरावायला वेळ द्या.

बारावं लेणं ‘तीन ताल’. बाहेरून अगदी साधं, गिरगावातली तीन मजली चाळ वाटावी असं. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी तिसऱ्या मजल्यावर जावं. बॅटरी इथे लागते, जिने काळोखे आहेत आणि पायऱ्या उंच. वर मागच्या भिंतीला दोन्ही बाजूंना सात-सात बुद्ध ओळीने बसले आहेत. न चढणाऱ्यांना अंगणात बसू द्या, सोबत एक माणूस ठेवा.

पंधरावं ‘दशावतार’ बहुतेक गट सोडून देतात. सगळ्यांना वर नेऊ नका, पण अंगणापर्यंत तरी न्या. अंगणाच्या मधोमध एक मंडप उभा आहे, चारही बाजूंनी मोकळा, आणि तो बांधलेला नाही. आजूबाजूचा डोंगर काढून टाकला आणि तो शिल्लक ठेवला. त्यावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे. आता विचार करा, मधला एवढा एक मंडप शिल्लक ठेवता येतो, तर संपूर्ण देऊळ का नाही? दंतिदुर्गानंतर गादीवर आलेल्या त्याच्या चुलत्याने, पहिल्या कृष्णाने, हेच केलं असं मानलं जातं. एवढं डोक्यात घेऊन पुढे सोळाकडे चाला.

रविवारी किंवा सुट्टीला गेलात तर मात्र हा क्रम मोडा आणि सोळा आधी करा. साडेनऊनंतर तिथे शाळांच्या सहली येतात, आणि तीनशे मुलांपुढे राष्ट्रकूटांचं काही चालत नाही.

कैलास: दीड तास, घड्याळ लावून

दारातच मोजणी करा आणि भेटायची जागा सांगा. “बाहेर भेटू” असं सांगू नका, दारासमोरच्या गजलक्ष्मीपाशी सांगा. तलावात बसलेली लक्ष्मी आणि तिच्यावर पाणी घालणारे हत्ती, ती प्रत्येकाला सापडते.

पहिली दहा मिनिटं काहीच सांगू नका. लोकांना अंगणात सोडा. अंगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, मागची कडा जवळजवळ ३३ मीटर उंच. आधी डोंगरात वरून तीन बाजूंनी खंदक खोदून मधला खडक सुटा केला, मग शिखरापासून खाली कोरत आले. अंदाजे दोन लाख टन दगड काढला असं सांगतात. वरून खाली येण्याचा एक फायदा म्हणजे परांची बांधावी लागली नाही, कामगार उभा राहायचा तो खडकच खाली खाली जात होता. तोटा असा की चूक झाली तर दगड परत लावता येत नाही. इ.स. ८१२ च्या एका ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे: ते बघून देव थक्क झाले, आणि हे आपल्या हातून झालं कसं, असं खुद्द करणाऱ्यालाच वाटलं. गाइडकडून आकडे ऐकण्याआधी लोकांना हे सांगा. करणाऱ्याचा अचंबा सगळ्यांना कळतो.

मग प्रदक्षिणा, देऊळ उजव्या हाताला ठेवून. म्हणजे आधी डावी, उत्तरेची बाजू. इथे गंगा, यमुना, सरस्वती या तीन नद्यांचं छोटं देऊळ आहे. जवळच भिंतीवर महाभारताच्या कथेचा मोठा शिल्पपट आहे आणि त्यात कृष्णाचं बालपणही. ज्येष्ठांचा गट असेल तर इथे वीस मिनिटं जातात. जाऊ द्या, कोण कुठला ते ओळखण्यात जी मजा येते ती गाइडच्या भाषणात येत नाही. देवळाच्या जोत्याला हत्तींची ओळ आहे, जणू सगळं देऊळ तेच पाठीवर पेलून उभे आहेत. बहुतेकांच्या सोंडा तुटल्या आहेत. आमच्या पहिल्या सहलीतल्या वादातला हत्ती यांच्यापैकी की अंगणातल्या दोन मोठ्या हत्तींपैकी, हे मी आता बायकोला ठासून सांगू शकतो, पण ती ऐकत नाही.

मागच्या बाजूने फिरून दक्षिणेला या. इथे थांबा. खोल कोनाड्यात, सावलीत, रावण कैलास पर्वत हलवतो आहे ते शिल्प. बॅटरी वापरून बघा, फ्लॅश नको. खाली रावण गुडघा रोवून सगळ्या हातांनी पर्वताला भिडलेला. वर शंकर शांत बसलेला, पार्वती दचकून त्याच्या दंडाला धरते आहे. आणि बाजूला एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. सगळे रावणाकडे बघतात, तुम्ही या दासीकडे बघा. भूकंप झाल्यावर घरातलं कोण काय करतं, हे त्या शिल्पकाराने नीट पाहिलेलं होतं. याच बाजूला रामायणाचा शिल्पपटही आहे, ओळींमागून ओळी.

वर जायला पश्चिमेकडून जिने आहेत. वरच्या मंडपात आणि गाभाऱ्यात जाताना चपला काढाव्या लागतात. मोजे इथे लागतात: दगड थंडीत गारठलेला आणि दुपारी तापलेला असतो, शिवाय कातळ गुळगुळीत झाल्याने मोजे घालून घाईत चालू नये. वर छतावर जुन्या रंगांचे तुकडे अजून दिसतात. कैलास एके काळी गिलावा करून रंगवलेला होता, म्हणून त्याला ‘रंगमहाल’ असंही नाव पडलं. आपण बघतो तो काळा दगड ही त्याची रंग उडालेली अवस्था आहे.

ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांना हिरमुसू देऊ नका. अंगण सपाट आहे आणि निम्म्याहून जास्त शिल्पं जिना न चढता दिसतात. उलट चढून गेलेले लोक घाईत दक्षिण बाजू सोडून देतात आणि खाली बसलेल्या आजींनी ती नीट पाहिलेली असते.

लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणारी पायवाट आहे, वरून सगळं देऊळ एका नजरेत दिसतं. कड्याला पुरेसा कठडा नाही. रखवालदार सोडत असतील तरच जा, फक्त धडधाकट लोक, आणि सेल्फीसाठी मागे पाऊल टाकणाऱ्याला आधीच दम द्या. पावसात अजिबात नको.

जैन लेणी: अर्धा-पाऊण तास

साडेदहा वाजले असतील. जैन लेणी एक किलोमीटरहून लांब आहेत, चालत जाण्यात अर्थ नाही. फाटकापासून आत गाड्या चालू असतील तर त्या घ्या, नाहीतर आपली बस तिकडच्या टोकापर्यंत जाऊ देतात का ते सकाळीच विचारून ठेवा.

पाचही बघायची गरज नाही, बत्तीस नंबरची ‘इंद्रसभा’ बघा. अंगणात अखंड दगडाचं छोटं देऊळ आणि उभा हत्ती. वरच्या मजल्यावर छतात कमळ कोरलं आहे आणि नीट बघितलं तर रंग दिसतात. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र समजलं म्हणून हे नाव पडलं. समोरच आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. झाडाला आंबे लटकलेले मोजता येतात. कैलासाच्या मोठेपणानंतर ही बारीक कारागिरी डोळ्यांना बरी वाटते.

घृष्णेश्वर आणि जेवण

लेण्यांपासून घृष्णेश्वर किलोमीटरभर. बाराव्या ज्योतिर्लिंगाशिवाय परत जायचं, असं म्हणून बघा, सहल तिथेच संपेल. सध्याचं देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलं, त्याआधी शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी जीर्णोद्धार केला होता. वेरूळ ही भोसल्यांची पाटिलकी. गावात गढीचे अवशेष आणि शहाजीराजांचं स्मारक आहे, रांग लांब असेल आणि कुणाला दर्शन नको असेल तर त्यांना तिकडे पाठवा.

गाभाऱ्यात जाणाऱ्या पुरुषांना सदरा आणि बनियन काढावं लागतं. आत फोन चालत नाही. फोन आणि पाकिटं सांभाळायला दोन माणसं बाहेर ठेवा, ती दुसऱ्या तुकडीबरोबर जातील. हे न ठरवल्यामुळे आमच्या बेचाळीस माणसांचे फोन एका पिशवीत गेले आणि परत वाटायला दर्शनाइतकाच वेळ लागला, कारण निम्मे एकाच रंगाच्या कव्हरचे.

जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा, थाळी, सगळ्यांना एकच. मेनूकार्ड वाटलंत तर तास गेला. जेवणानंतर अर्धा तास सावलीत पडू द्या. कार्यक्रमात तो अर्धा तास लिहूनच ठेवा, नाहीतर कुणीतरी त्यात खुलताबाद घालेल.

दौलताबाद, पायथ्यापुरतं

साडेतीनला किल्ल्याच्या दारात. तिकीट वेगळं. सगळ्यांनी वरच्या बारादरी महालापर्यंत जाण्याचा हट्ट सोडा. दिवसभर चालल्यावर आणि जेवल्यावर ती चढण पाच-सहा जणांनाच झेपते. त्यांनी चारच्या आत चढायला सुरुवात करावी आणि बॅटरी घ्यावी, वाटेत ‘अंधारी’ हा भुयारी जिना आहे, वटवाघळांच्या वासासकट.

बाकीच्यांसाठी पायथाही पुरेसा आहे. खिळे ठोकलेले दरवाजे, हत्ती हौद, खूप खांबांचा भारतमाता मंदिराचा मंडप, पंधराव्या शतकातला चांदमिनार (आत सोडत नाहीत), आणि जमलं तर चिनी महाल आणि मेंढा तोफ. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने याच चिनी महालात कैदेत ठेवलं होतं. पुढे खंदकाशी उभं राहून वर बघा. डोंगराचा खालचा भाग सरळ तासून भिंतीसारखा केला आहे, म्हणजे वर जायला एकच वाट, आणि ती अंधारीतून. खडक तासायची ही हातोटी सकाळी कैलासात पाहिली होती, ती इथे युद्धासाठी वापरलेली दिसते.

यादवांची ही देवगिरी. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणली. पण मराठी गटात ज्या गोष्टीने सगळे गप्प होतात ती वेगळी. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांना १६२९ मध्ये निजामशहाने याच किल्ल्यात ठार मारलं. जावयाचं वेरूळ इथून पंधरा किलोमीटरच्या आसपास, आपण आत्ता जेवून आलो तेच. गडावर एकनाथांचे गुरू जनार्दन स्वामी यांची समाधीही आहे, ते इथले किल्लेदार होते.

साडेपाचला सगळे खाली. शेवटची मोजणी इथेच करा, बसमध्ये बसल्यावर नाही. दाराबाहेर हंगामात सीताफळं मिळतात, दौलताबादची चांगली असतात. भाव करा, पण दहा मिनिटांतच.

गाळलेल्या तीन जागांचं काय?

बीबी का मकबरा आणि पाणचक्की शहरातच आहेत, दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी सकाळी दोन तासांत होतात. मकबरा सकाळच्या उजेडातच चांगला दिसतो. खुलताबादला औरंगजेबाची साधी मातीची कबर, सुफी संतांचे दर्गे, मलिक अंबरचा मकबरा आणि भद्रा मारुती, म्हणजे झोपलेला हनुमान. हे सगळं नीट बघायला अर्धा दिवस लागतो, आणि तो नसेल तर नुसतं बसमधून हात जोडावे. भद्रा मारुतीसाठी अडून बसणारे प्रत्येक गटात दोघं-तिघं असतातच. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी जीप करून द्या, आपण मकबऱ्यात.

पैठणी घ्यायची असेल तर संध्याकाळी शहरात, ज्यांना हवी त्यांनी, आपापल्या रिक्षाने. मागच्या खेपेला आमच्या गटातून नऊ जण गेले आणि तिघं साडी घेऊन आले. बायकोही गेली होती. तिचं बिल पुन्हा त्याच वहीत आहे, पण या वेळी कैलासाच्या पानावर नाही.